कोहळ्यावरचा पहिला घाव

भाऊबीज आटोपली, पाहुणे पांगले, तरी गुड्डी लाखनीला परत गेली नाही, तेव्हाच मंदाबाईंना कुणकुण लागली होती की घरात आपल्या पाठीमागे काहीतरी शिजतं आहे. एरवी ही लेक ओवाळणी हातात पडली की दुसऱ्या दिवशी पिशव्या भरते. नवऱ्याचं जेवण, पोरांची शाळा, सासूचे गुडघे. कारणांना तोटा नसतो. या खेपेला मात्र म्हणाली, "आता गावची मंडई पाहूनच जाईन." लग्न झाल्यापासून एकदाही तिला दिवाळीनंतरच्या या जत्रेची आठवण झाली नव्हती.

मंडईच्या दिवशी सकाळी मंदाबाई घरामागच्या सांदवाडीत उभ्या होत्या. कार्तिकातलं ऊन कोवळं होतं, गवतावर अजून दव होतं. वालाचा मांडव शेंगांनी लदबदला होता, वांग्यांना दुसरा बहर आला होता, आणि झेंडू दिवाळीभर तोडूनही संपत नव्हता. हे सगळं रेणूच्या हातचं. मोठ्या सुनेच्या हाताला गुण आहे हे मंदाबाई कोणापुढेही कबूल करत, फक्त रेणूपुढे नाही.

एक वेल तेवढा रेणूने लावला नव्हता. कोणीच लावला नव्हता. आषाढात न्हाणीच्या भिंतीशी कोहळ्याचा वेल आपोआप उगवला. शेजारी बांबूचा मांडव रिकामा असून तो तिकडे वळला नाही. भिंत धरून सरळ धनंजयच्या खोलीच्या खिडकीपर्यंत गेला आणि गजांतून आत शिरू लागला. त्या खोलीत आता रेणू एकटी निजायची. आत आलेले शेंडे ती खुडून टाकायची आणि दोन-चार दिवसांत नवे शेंडे आत यायचे.

धनंजय मंदाबाईंचा थोरला. आठ वर्षांपूर्वी अशाच मंडईच्या दुसऱ्या दिवशी तो मोटारसायकल घेऊन वरठीला गेला. गाडी स्टेशनच्या स्टँडवर सापडली, धनंजय सापडला नाही. त्याला रेल्वेत चढताना कोणी पाहिलं नाही, रुळांवर काही मिळालं नाही, फोन पुन्हा लागला नाही. तेव्हा त्याच्या नि रेणूच्या लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं. पोराच्या वाटेकडे डोळे लावून त्याचे वडील इश्वरराव दोन वर्षांत गेले. मंदाबाई दर पितृपक्षात नवऱ्याचं पान वाढत. मुलाचं त्यांनी एकदाही वाढलं नाही.

"मंदे, वाल लय लदबदला वो तुह्या मांडवावर," कुंपणाच्या फटीतून शेवंताबाई आत आल्या. त्या मंदाबाईंच्या गडीण. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या गावात आल्या, आणि पहिल्याच भुजलीच्या सणाला एकमेकींच्या कानात भुजल्या, म्हणजे गव्हाचे कोवळे अंकुर, खोवून जन्माच्या मैत्रिणी झाल्या. तेव्हापासून फटीतलं हे येणंजाणं चालू होतं.

"ने ना ओटीभर. कोन खाते अठी?"

शेंगा तोडता तोडता शेवंताबाईंनी गावभरच्या बातम्या ओतल्या. त्यांचा हलका धान कापून झाला होता, भारी धानात लाखोरीच्या डाळीचं बी फेकायचं राहिलं होतं. सून रीता बाळंतपणाला माहेरी गेली होती आणि फोनवर फक्त नवऱ्याशी बोलत होती. यंदा दंडारीत मारोतरावांचा म्हातारा पुन्हा नाचणार होता, दात नसताना. मंदाबाई हसल्या, पण त्यांचं लक्ष वेलाकडे होतं. त्यांनी देठ पिळला आणि शेवटचं कोहळं दोन्ही हातांनी उचलून ओट्यावर ठेवलं.

शेवंताबाई तोडायच्या थांबल्या. "आज तुहा धाकटा मनिष येऊन राहिला ना? त्याले सांग कापाले."

आमच्याकडे अख्ख्या कोहळ्यावर बाई शस्त्र चालवत नाही. कोहळं म्हणजे घरचा थोरला लेक. पहिला घाव घरच्या पुरुषाने घालायचा, मग बायकांनी पावशीवर, म्हणजे विळीवर, त्याच्या कितीही फोडी कराव्यात. घरात पुरुष नसेल तर शेजारच्या गड्याला हाक मारतात, पण बाईने पहिला घाव घालायचा नाही. का, ते कोणी विचारत नाही. थोरल्या लेकावर आईने विळा चालवायचा का, एवढं म्हटलं की विचारणाऱ्याचं तोंड बंद होतं.

"मनिषची गरज नाही," मंदाबाई म्हणाल्या. "ज्याचं हाये तो येते. गनपतीत आला. पितरपाटात आला. दसऱ्याले आला, कोजागिरीले आला. मी कोहळं ठेवतो, घटकाभर कुठी जाऊन येतो, अन् पायतो त घाव घातलेला. डेबऱ्या हाताचा तिरपा घाव. माह्या धनूचा हात मी वळखत नाही का वो?"

धनंजय डावखुरा होता, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. शेवंताबाईंनी ओट्यावरच्या कोहळ्याकडे पाहिलं, मग खिडकीत शिरलेल्या वेलाकडे. "लेकरू आहे तं समोर काहून येत नाही मंग?" त्या हळूच म्हणाल्या आणि उत्तराची वाट न पाहता फटीतून निघून गेल्या. तोडलेल्या अर्ध्या शेंगा मांडवाखालीच राहिल्या.

*

"वहिनी, तू आज बोलली नाहीस ना, तं मी पुन्हा या घरात पाऊल ठेवत नाही," गुड्डी कणीक तिंबता तिंबता म्हणाली. "तुह्या बाबाले मी फोन करून बोलावलं. ते बाराच्या आत येतात आंधळगावहून. धर्मेंद्रभाऊ पौर्णिमेलोक थांबतो म्हणाले, तिकडून त्याहीचे घरचे मांगं लागले आहेत."

रेणू चुलीपाशी बसून वांगी परतत होती. धर्मेंद्र गुड्डीच्या नवऱ्याचा चुलतभाऊ. लाखनीला हायवेवर पंप दुरुस्तीचं दुकान, बायको तापाने गेलेली. नवरात्रात रेणू गुड्डीकडे गेली असताना तो येऊन बसला होता. पुढच्या संसाराच्या गोष्टी त्याने काढल्या नाहीत. एवढंच विचारलं, "तुमच्या सांदवाडीत काय काय लावलं आहे?" रेणूने वालापासून झेंडूपर्यंत सगळं सांगितलं आणि तो ऐकत राहिला. परत येताना एसटीत तिच्या ध्यानात आलं की कितीतरी वर्षांत आपल्याला कोणी काही विचारलंच नव्हतं.

"कायद्यानं बी सात वर्षांनंतर मानूस मेला धरतात," गुड्डी बोलतच होती. "माहा भाऊ होता तो. मले वाईट वाटत नाही का? पण तू तीस वर्षांची आहेस वो."

"आत्याबाई आयकतीन का?" रेणू म्हणाली. "त्या म्हणतात तो येऊन राहिला."

"त्या कोहळ्याचं? मनिषदादा येता-जाता कापून जात असन. मायले काय, भूतच पाह्यजे."

रेणूने चुलीतलं लाकूड पुढे सारलं. कोहळं मनिष कापत नव्हता हे तिच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

गणपतीत मंदाबाई तापाने पडल्या होत्या. तोंडाला चव नव्हती, कोहळ्याची भाजी खाईन म्हणाल्या, आणि मनिष काही येत नव्हता. रेणूच्या उजव्या हाताला कढईचा चटका बसून फोड आला होता. दुपारी सासूचा डोळा लागल्यावर तिने सांदवाडीत जाऊन डाव्या हाताने विळा चालवला. कोण पाहतंय, म्हणाली. भाजी झाली की फोडी कोणाच्या हातच्या, ते कोण विचारणार? पण फोडी करायच्या आधीच मंदाबाई भिंत धरत बाहेर आल्या, तिरपा घाव पाहिला आणि मटकन खाली बसल्या. "धनू आला होता," म्हणाल्या. त्या रात्री दोन भाकरी जेवल्या. ताप उतरला.

त्या वेळी खरं सांगायला हवं होतं. रेणूला ते जमलं नाही. पितृपक्षात दुसरं कोहळं तसंच पडून राहिलं, तसं मंदाबाईंनी पुन्हा जेवण टाकलं, तेव्हा तिने जाणूनबुजून विळा डाव्या हातात धरला. दसऱ्यालाही तेच. म्हातारीच्या पोटात दोन घास जावेत म्हणून केलेलं हे काम आता तिच्याच पायात अडकलं होतं. जिचा नवरा दर सणाला घरी येतो, त्या बाईला दुसरीकडे कसं पाठवतील?

आणि एवढ्यावरच भागतं तर ती कधीच बोलून मोकळी झाली असती. कोजागिरीच्या आदल्या दिवशी ती बापाकडे आंधळगावला गेली होती. कोजागिरीला सांजवेळी परत आली, तर ओट्यावर कोहळं होतं, त्यावर डावा तिरपा घाव होता, आणि घावातून चीक अजून गळत होता. विळा खुंटीवर होता. त्याचं पातं ओलं होतं आणि भिंतीकडे वळवलेलं होतं. या घरात पातं भिंतीकडे करून विळा टांगायची सवय एकाच माणसाला होती. मनिष त्या दिवशी ड्युटीवर होता. मंदाबाई दिवसभर शेवंताबाईंच्या बांधीत धान कापत होत्या. रेणूने ते आडून विचारून घेतलं होतं. यापलीकडे तिला कोणाला काही विचारता येईना. विचारलं असतं तर आधीचे तीन घाव कोणाचे, तेही सांगावं लागलं असतं. तेव्हापासून ती खिडकीकडे पाठ करून निजत नव्हती.

*

मनिष वरठीहून रात्रपाळी करून थेट आला होता. डोळे चुरचुरत होते आणि दोन घास खाऊन आडवं व्हावं एवढीच त्याची इच्छा होती. समोर मधुकरराव जेवत होते. रेणूचे वडील म्हणजे साधा माणूस. पानावर बसल्यापासून ते धानाच्या तुडतुड्याबद्दल बोलत होते. मुद्द्यावर यायची हिंमत होत नव्हती, हे मनिषलाही कळत होतं.

शेवटी गुड्डीनेच भांडं आपटलं. "काका, बोला ना. तुम्ही काय तुडतुडा सांगाले आले का?"

मधुकररावांनी हात धुतला. "ईनबाई," ते म्हणाले, "राग मानू नोका. पोरगी आठ वर्षं राहिली तुमच्याजवळ. तिनं कधी तोंडातून शब्द काढला नाही. आता एक जागा चालून आली. मी तिले न्यायाले आलो."

मंदाबाई शांत होत्या. "तुमची पोरगी हाये, इवाईबुवा. पन तिचा नवरा जित्ता हाये."

"माय!" गुड्डी म्हणाली.

"दादाले काहीतरी झालं असतं तं आतालोक कळलं नसतं का?" मनिष मध्ये पडला. "माय म्हणते तं थांबा ना अजून. घाई कायची आहे?"

बोलून झाल्यावर त्याला स्वतःचीच लाज वाटली. धनंजय येतो यावर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. पण रेणू गेली तर आईला वरठीला क्वार्टरच्या दोन खोल्यांत न्यावं लागेल, आणि त्याची बायको गुंजन त्याच दिवशी बोलणं सोडेल. नाहीतर शेती पडीक टाकावी लागेल. वहिनी होती म्हणून तो आठ वर्षं निवांत नोकरी करत होता.

"तुही घाई नाही, दादा," गुड्डी म्हणाली. "तुले फुकटची रखवालदारीन भेटली आहे. जाऊ कायले देशीन?"

"तोंड सांभाळून बोल."

"नाही बोलत. तूच सांग, कोहळ्यावर घाव तू घालतोस का?"

"मी?" मनिष खरोखरच चकित झाला. "दिवाळीच्या आधी मी गावात आलो तरी का?"

चौकातून दंडारीच्या ढोलकीचा आवाज येऊ लागला होता. मधुकररावांनी अंगावरचा दुपट्टा सारखा केला. रेणू दाराआड उभी होती; तिचा चेहरा मनिषला दिसला आणि त्याला वाटलं, हिला काहीतरी माहीत आहे.

मंदाबाई उठल्या. "आयका," त्या म्हणाल्या. "कोहळं ओट्यावर हाये. घराले कुलूप लावतो. सारे मंडईत जाऊ. कोणी मांगं राहायचं नाही, कोणी मंधातून उठून यायचं नाही. वापस आल्यावर घाव दिसला, तं रेणू अठीच राहीन अन् पुन्हा हा विषय काढायचा नाही. नाही दिसला तं इवाईबुवा, तुमची पोरगी तुम्ही घेऊन जा. मी अडवनार नाही."

"हे काय नाटक आहे, माय?" गुड्डी म्हणाली.

पण रेणू पुढे आली. "चालते मले," ती म्हणाली.

*

मंडईत माणूस माणसाला चिकटून चालत होता. जिलेबीच्या कढया, बांगड्यांच्या पाट्या, पानठेले, आणि मधल्या रिंगणात दंडार. लुगडी नेसलेले पुरुष वळणं घेत नाचत होते, मारोतरावांचा म्हातारा बोळक्या तोंडाने ओरडत होता, आणि लोक हसून लोटपोट होत होते. रेणूला काही ऐकू येत नव्हतं. ती सारखी आपली माणसं नजरेने वेचत होती. मनिष झाडाला टेकून डुलक्या घेत होता. गुड्डी बांगड्या भरत होती. बाबा रिंगणाच्या कडेला होते. सासू आणि शेवंताबाई शेजारी शेजारी बसल्या होत्या. सगळे इथे होते आणि घर बंद होतं. कोहळ्याला कोणी हात लावणार नव्हतं. तिने आनंदी व्हायला हवं होतं.

पण कोजागिरीलाही घरी कोणी नव्हतं. हे तिला आठवलं. आज घाव दिसला तर तो ज्याचा असेल, त्याच्याबरोबर तिला त्या खोलीत उरलेला जन्म काढायचा होता.

उन्हं कलली तसे सगळे परतले. बाजूच्या बांधीतला कापलेला धान पसरलेला होता, त्याचा ओलसर वास येत होता. गल्ली रिकामी होती. घराजवळ येईपर्यंत ढोलकी मागे पडली आणि इतकं शांत झालं की मंदाबाईंच्या कमरेच्या किल्ल्या ऐकू येऊ लागल्या. कुलूप जसंच्या तसं होतं. मंदाबाई सर्वांच्या पुढे चालत घर ओलांडून मागच्या दाराशी गेल्या. कडी काढली आणि उंबऱ्यावरच थांबल्या.

कोहळं ओट्यावर अख्खं होतं. त्यावर एक ओरखडाही नव्हता.

मधुकररावांनी हात जोडून कोणत्यातरी देवाचं नाव घेतलं. गुड्डीने वहिनीला कोपराने ढोसलं, "जा, पिशवी आण," आणि मनिषने खाली पाहिलं.

मंदाबाई ओट्याशी खाली बसल्या. रडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या कोहळ्यावर हात फिरवत बोलू लागल्या. "रुसला. पाळत ठेवली म्हणून रुसला माहा धनू. पोटच्या पोराची मी परीक्षा घेतलो. लोकायसमोर कोहळं ठेवून त्याले बोलावलो. आता नाही येनार तो. माह्याच करनीनं गेला वो, शेवंते, माह्याच करनीनं." आणि त्या हाताने आपलं कपाळ बडवू लागल्या. शेवंताबाईंनी मनगट धरलं, पण आवरेना.

रेणू दारात उभी होती. तिची सुटका झाली होती. पिशवी आत भरलेली होती, बापाची मोटारसायकल अंगणात होती, तिला एक शब्दही बोलायची गरज नव्हती. पण या बाईला तापात लुगडं बदलून दिलं होतं तिनं. पोराला आपणच घालवलं हे मनात घेऊन ती म्हातारी या ओट्यावर किती दिवस बसणार, हे रेणूला लख्ख दिसलं. ती पुढे जाऊन सासूसमोर बसली.

"आत्याबाई, तो रुसला नाही. तो कधी आलाच नव्हता. घाव मी घातले."

मंदाबाईंचा हात थांबला.

"गनपतीत तुमाले ताप होता. माहा उजवा हात भाजला होता, म्हणून डाव्यानं कापलं. तुम्ही उठून जेवल्या, मंग मले सांगवलं नाही. पितरपाटात मीच. दसऱ्याले बी मीच. पाप लागीन तं लागो. तुमचा काही दोष नाही."

"अगे माय," शेवंताबाई पुटपुटल्या. कोहळ्याला बाईचा हात, आणि तोही बायकोचा! गुड्डीने तोंडावर पदर धरला. मनिषला काय वाटलं ते त्यालाही नीट सांगता आलं नसतं, पण त्याने पहिल्यांदा वहिनीच्या पायांकडे पाहिलं आणि तिच्या पाया पडावं असं त्याला वाटून गेलं.

मंदाबाईंनी हळू विचारलं, "अन् कोजागिरीचा?"

खिडकीतून आत शिरलेला वेल तिच्या डोळ्यांच्या कडेला दिसत होता. "तो बी मीच," ती म्हणाली.

सासू-सुनेची नजर एकमेकींत अडकून राहिली. मंदाबाईंनी दुसरा प्रश्न विचारला नाही.

"आण, माय, मी कापून टाकतो," मनिष पुढे झाला. "विषय संपवू."

"तू सरक." मंदाबाई उठल्या. खुंटीवरचा विळा त्यांनी स्वतः काढला. शेवंताबाईंनी त्यांचा दंड धरला, "मंदे, नोको वो, थोरलं लेकरू आहे ते," तर त्यांनी तो हात बाजूला केला. "म्हनूनच. मनिषनं कापलं तं नुसती भाजी होईन. मले त्याले वाटेले लावायचं आहे. आठ वर्षं मी त्याले धरून ठेवलो, अन् त्याच्यासंग या पोरीले बी. मी जनलो त्याले. मीच सोडतो."

त्यांनी कोहळं मांडीजवळ घेतलं, एकदा गोंजारलं आणि विळा घातला. त्या हाताला सवय नव्हती. पातं साल भेदून आत गेलं तेव्हा त्यांच्या तोंडून एक आवाज निघाला. तो ऐकून मधुकरराव घरात निघून गेले. विळा पार खालपर्यंत गेला. दोन्ही फाका ओट्यावर उघड्या पडल्या आणि मंदाबाई हुंदके देऊन रडायला लागल्या, आठ वर्षांत पहिल्यांदा. शेवंताबाई त्यांना छातीशी धरून बसून राहिल्या. गुड्डीही येऊन आईच्या पाठीला बिलगली.

*

निघायला फार वेळ लागला नाही. रेणूची पेटी मनिषने आपल्या गाडीला बांधली. गुड्डीलाही त्याच गाडीवर बसवून तो फाट्यापर्यंत सोडणार होता. तिथून गुड्डीला लाखनीची एसटी मिळणार होती, पेटी मधुकररावांच्या गाडीवर चढणार होती आणि तो परत येणार होता. "आज मी मायजवळ राहतो," तो म्हणाला. "उद्याचं उद्या पाहू. गुंजनशी बोलतो मी." कोणी त्याला विचारलं नव्हतं. शेवंताबाई आपली गोधडी आणायला घरी गेल्या. मनिषची गाडी गल्लीतून पुढे गेली.

अंगणात तिघंच उरले. मधुकररावांनी गाडी सुरू केली. रेणू पाया पडायला वाकली, तर मंदाबाईंनी तिला उभी करून कुंकू लावलं आणि तिच्या कानाशी तोंड नेलं.

"कोजागिरीले तू आंधळगावले होतीस," त्या म्हणाल्या.

"आत्याबाई..."

"मले माहीत हाये. तूच घातला म्हणून सांगतलंस ना, मी तसंच धरतो. तू बी तसंच धर. जाय आता. अन् मांगं पाहू नोको."

ती गाडीवर बसली. गल्लीतल्या दगडांवरून गाडी हळू चालली होती. मंदाबाईंच्या घरापासून पाणवठ्याच्या वळणापर्यंत सरळ रस्ता आहे, आणि उन्हं अजून छपरांवर होती. मधुकररावांनी आरशात पाहिलं, गाडी जरा आणखी हळू केली आणि पुन्हा पाहिलं.

"रेणू," ते म्हणाले, "ईनबाईजवळ दारात तो कोन उभा हाये वो? मनिष तं पुढं गेला ना?"

रेणूने दोन्ही हातांनी बापाचा सदरा घट्ट धरला.

"कोणी नाही, बाबा," ती म्हणाली. "तुम्ही गाडी चालवा."